केळं फील्डचे पूल

दुर्गा पोयनाडकर नक्की काय काम करते, हे तिच्या सासरच्या माणसांना कधीच नीट कळलं नाही. लग्नकार्याला पेण-अलिबागकडे जाणं झालं की एखादी चुलत जाऊ विचारायचीच, आणि दुर्गा पदर सारखा करून सांगायची, “तेलाच्या विहिरींचं काम बघते मी. फॉरेनच्या.” समोरची बाई मान डोलवायची आणि पुढे काय विचारावं ते न सुचून पुन्हा दागिन्यांवर यायची. दुर्गालाही तेच हवं असायचं. कारण तेलाची विहीर तिनेही जन्मात पाहिलेली नव्हती. ती बघायची ते विहिरींचे कागद, आणि तेही भाईंदरमध्ये बसून.

भाईंदर पूर्वेला नवघर रोडवरून आत वळलं की जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटी लागतात. खाली स्टीलच्या डब्यांना आणि पातेल्यांना पॉलिश मारणारे गाळे, आणि त्यांतल्याच एका गाळ्याच्या डोक्यावर निकेतभाईचं ऑफिस. दिवसभर खालून घरघर चालायची, पॉलिशची पावडर उडून खिडक्यांच्या काचा काळ्या व्हायच्या, आणि वर ओळीने बसलेल्या बाया कॉम्प्युटरवर रेषा गिरवायच्या. दुर्गाचं शिक्षण बारावी कॉमर्स. नोकरीवर घेताना निकेतभाईने इतकंच विचारलं होतं, “हात स्थिर है क्या?” तिचा हात स्थिर होता, आणि गोडदेवच्या घरापासून ऑफिस चालत जाण्यासारखं होतं. एवढ्यावर सौदा झाला.

काम सांगायला सोपं आहे, करताना डोळ्यांचा भुगा होतो. तेलाची विहीर खणली की तारेला बांधून एक यंत्र तिच्यात सोडतात. ते वर येता येता भोवतालचा दगड तपासत येतं आणि जे कळेल ते लांबलचक कागदावर रेषांनी उमटतं. त्यातली एक रेष विजेची. दगडाच्या बारीक छिद्रांत खारं पाणी असलं की वीज सहज पार होते आणि रेष कागदाच्या डाव्या अंगाला राहते. तेल असलं की वीज अडते आणि रेष उजवीकडे सरकते. उजवीकडे तेल, डावीकडे पाणी, एवढं ऑफिसात चहा आणून देणाऱ्यालाही पाठ झालं होतं.

जमिनीखाली तेलाचं काही तळं नसतं. ते दगडात मुरलेलं असतं, आणि कितीही उपसलं तरी त्यातलं बरंचसं आतच राहून जातं. ते राहिलेलं कुठे दडून बसलंय हे शोधायचं, तर सगळ्या जुन्या विहिरींच्या रेषा एकत्र मांडून जमिनीच्या पोटातलं चित्र काढावं लागतं. ते चित्र, साहेबांच्या भाषेत मॉडेल, कॉम्प्युटर काढतो आणि कॉम्प्युटरला आकडे लागतात. जुन्या विहिरी तर कागदाच्या जमान्यातल्या. म्हणून तिकडचे लोक कागद स्कॅन करून पाठवायचे आणि भाईंदरच्या बाया माउसने रेष न् रेष गिरवून तिचे आकडे करून द्यायच्या. मग तिकडचे साहेब ठरवणार की नवीन विहीर कुठे खणायची, कुठे पाणी दाबून तेल पुढे ढकलायचं आणि कुठला भाग सोडून द्यायचा.

दुर्गा त्या ऑफिसातली सगळ्यात जुनी. आधी गिरवायची, मग तपासायला लागली. तिच्या नजरेखालून गेल्याशिवाय एकही फाइल बाहेर जात नसे. रेष कागदावरून केसभर जरी सरकली, तरी ती तिथे लाल खूण करायची आणि गिरवणारीला आपल्या खुर्चीशी बोलावून घ्यायची. बाया तिला टरकून असत. बाजूच्या खुर्चीवरची हंसाबेन तेवढी घाबरत नसे, कारण दोघी एकाच वर्षी लागलेल्या आणि एकमेकींच्या डब्यातलं खाल्ल्याशिवाय त्यांचा दिवस सरत नसे. हंसाचा नवरा अचानक गेला, तेव्हा तिच्या वाटच्या फाइली दुर्गाने कितीतरी दिवस न सांगता गिरवल्या होत्या. दुर्गा वाईट बाई होती असं कुणी म्हणू नये. तिला फक्त चुकायची सवय नव्हती, आणि ज्यांना ती नसते त्यांचं पुढे फार अवघड होतं.

काही वर्षांपूर्वी ऑफिसला एक मोठं काम लागलं. एकाच क्लायंटचं, एकाच जागेचं. तिकडून आलेल्या नकाशावर ती जागा मधे फुगीर आणि दोन्ही टोकांना वाकलेली दिसत होती, म्हणून बायांनी तिचं नाव केळं फील्ड ठेवलं. खरं नाव उच्चारायला जीभ वळत नव्हती. या केळ्यातल्या विहिरी फार जुन्या, कागद त्याहून पिवळे, आणि फोटोकॉपीची फोटोकॉपी काढून शाई निम्मी उडालेली. पहिल्याच आठवड्यात अडचण आली. विजेची रेष उजवीकडे सरकत सरकत कागदाच्या कडेला जायची आणि नाहीशी व्हायची. थोडं खाली गेल्यावर ती डावीकडे पुन्हा दिसायची, तिथे थोडी वळवळायची, पुन्हा नाहीशी व्हायची आणि परत उजव्या कडेवरून सुरू व्हायची. मधला तुकडा काढायचा कसा?

निकेतभाई तेव्हा चुलतभावाच्या लग्नाला राजकोटला गेलेले. क्लायंटला मेल टाकली, तर उत्तर आलं की तुमच्या अनुभवाप्रमाणे करा. अनुभव म्हणजे दुर्गा. तिने दोन दिवस कागद पाहिले आणि ठरवलं की शाई उडाल्यामुळे रेष तुटलीय, तेव्हा उजव्या कडेचं टोक डावीकडच्या तुकड्याला सरळ रेषेने जोडायचं. “पूल टाका,” ती म्हणाली, आणि तो शब्द रुळला. पुलांमुळे काम भराभर उरकू लागलं. निकेतभाई परत आले आणि खूश झाले. “दुर्गाताई, तुम्ही नसता तर आपण अटकून पडलो असतो,” असं ते सगळ्यांसमोर म्हणाले. त्या दिवशी ती घरी जाताना ईश्वरसाठी, म्हणजे नवऱ्यासाठी, ढोकळा घेऊन गेली. तिच्या आयुष्यात कुणी तिच्या डोक्याचं कौतुक केलं, असा तो पहिलाच दिवस असावा. लोक तोवर तिच्या हाताचंच करत आले होते.

त्यानंतर केळ्यातली विहिरीमागून विहीर पूल टाकून बाहेर गेली. क्लायंट नाराज नव्हता. आणखी कागद येत राहिले.

मग रुचिता आली. भाईंदर पश्चिमेला राहणारी, वडील गिरगावातून इकडे आलेले, पोरगी भूगर्भशास्त्रात एम.एस्सी. तेलकंपन्यांच्या परीक्षा देऊन थकलेली, आणि घरात बसून राहण्यापेक्षा हे बरं म्हणून आलेली. निकेतभाईला वाटलं, शिकलेली मुलगी ऑफिसात असली की क्लायंटवर छाप पडेल. दुर्गाला काय वाटलं ते तिने बोलून दाखवलं नाही, पण रुचिताला खिडकीपाशी, पॉलिशची पावडर सगळ्यात जास्त येते त्या खुर्चीवर बसवलं.

पहिल्या आठवड्यातच रुचिताच्या फायलीत पूल दिसले नाहीत. दुर्गाने तिला बोलावलं.

“हे पूल कोण टाकणार? मी?”

“ताई, मला वाटतं इथे पूल येणार नाही.”

“तुला वाटून काय उपयोग? इथे जे दिसतं ते काढायचं असतं.”

“मग दिसतंय तेच बघा ना,” रुचिता म्हणाली. तिच्या बोलण्यात आगाऊपणा नव्हता, आणि दुर्गाला नंतर त्याचाच जास्त राग आला. “रेष दर वेळी उजव्या कडेला टेकते आणि मगच गायब होते. मधेच कुठे तुटलीय, असं एकदाही होत नाही. दगडाला काय माहीत कागदाची कड कुठे आहे ते?”

रुचिताने वाकून माउस हातात घेतला आणि कागदाचा वरचा मथळा मोठा करून दाखवला. विजेच्या रेषेच्या मापाखाली आणखी एक माप होतं, इतकं पुसट की डाग वाटावा. पहिल्याच्या दहापट.

“तेल इतकं असलं की रेष कागदात मावत नाही,” रुचिता म्हणाली. “पेन कागदाबाहेर जाऊ शकत नाही. म्हणून ती डावीकडून पुन्हा सुरू होते, दहापट मापावर. डावीकडे दिसतंय म्हणजे कमी नाही, ताई. ते उजव्या कडेच्याही पुढचं आहे. आपण पूल टाकला की तिथे पाणी होतं. असतं तेल, आणि तेही सगळ्यात चांगलं.”

पोरीचं बोलणं संपायच्या आतच दुर्गाला ते लख्ख दिसलं होतं. इतकी वर्षं त्याच रेषांवर डोळे फोडलेल्या बाईला दिसायला किती वेळ लागणार? कडेला टेकलेली प्रत्येक रेष तिच्या डोळ्यांपुढे येऊन गेली.

“बघू नंतर,” ती म्हणाली. “आत्ता पूल टाक आणि फाइल दे. दुपारी पाठवायचीय.”

रुचिताने पूल टाकले. नवीन होती, आणि ताईंनी नंतर बघू म्हटलंय म्हणजे बघतील, असं तिला वाटलं.

रविवारी सकाळी दुर्गाने ईश्वरला सांगितलं. तो पतपेढीत क्लार्क, निवृत्तीला टेकलेला, स्वभावाने इतका गरीब की भांडायची पाळी आली की चष्मा पुसायला घ्यायचा. तिने कांदे चिरता चिरता सगळं सांगितलं आणि विचारलं, “काय करू?”

“किती झाल्या असल्या विहिरी?”

“मधल्या सगळ्या. जिथे केळं फुगलंय तिथल्या.”

“आणि सांगितलंस तर?”

“तर सगळ्या परत करायच्या. फुकट. आधी क्लायंट राहिला पाहिजे, मग ते. आणि निकेतभाई मला एक दिवस ठेवणार नाही. ठेवलं तरी त्या बायांसमोर मी कुठल्या तोंडाने बसू?”

ईश्वरने चष्मा काढून पुसला. “मग गप्प बस,” तो म्हणाला. “जमिनीखाली उतरून बघणारंय कोण?”

तिला हेच ऐकायचं होतं, आणि ऐकल्याबरोबर नवऱ्याची किळस आली. स्वतःची येण्यापेक्षा ते सोपं होतं. दुपारभर ती त्याच्याशी बोलली नाही. तो बिचारा काय चुकलं ते शोधत राहिला.

सोमवारी ती ऑफिसला निघाली ती ठरवूनच. मनाशी तिने स्वतःला छान पटवून घेतलं होतं. आपण बोललो तर काम जाणार, काम गेलं तर हंसा रस्त्यावर येणार, तिच्या दोन्ही पोरी शिकतायत, बाकीच्या बायांनी काय करायचं? माणसाला स्वतःसाठी खोटं बोलायचं असलं की दुसऱ्यांची पोरं फार आठवतात. तिच्या मनात हंसा होती, ते खरंच. पण हंसाच्याही आधी ती स्वतः होती, आणि हे तिला कळत होतं.

रुचिता थांबायला तयार नव्हती. आठवडा गेला, दुसरा गेला, ताई काही बघेनात, तेव्हा तिने पूल टाकायचंच सोडलं. दहापट माप धरून रेषा काढायला लागली. दुर्गाने तिच्या फायलींवर लाल खुणांचा सडा घातला आणि निकेतभाईकडे गेली. मुलगी सांगितलेलं ऐकत नाही, मनाने रेषा काढते, कागदावर एक आणि फायलीत भलतंच, अशी तक्रार केली. शब्द न् शब्द खरा होता. निकेतभाईने रुचिताला बोलावलं आणि दुर्गालाही थांबायला सांगितलं. ऑफिस एकाच खोलीचं, केबिन म्हणजे प्लायवूडची अर्धी भिंत. सगळ्या बाया ऐकत होत्या.

रुचिताने सगळं पुन्हा समजावून सांगितलं, नीट, न चिडता. कागदाची कड, पुसट माप, पूल. निकेतभाईला अर्ध्याहून जास्त डोक्यावरून गेलं, पण पैशांचा माणूस, मुद्दा धरला.

“म्हणजे आपण आतापर्यंत जे पाठवलं ते सगळं गलत?”

“मधल्या विहिरींचं, हो. पण आत्ता सांगितलं तर त्यांना उपयोग होईल, सर. अजून त्यांचं मॉडेल पुरं झालेलं नसणार.”

निकेतभाई दुर्गाकडे वळले. त्यांचा चेहरा उतरला होता. “दुर्गाताई, तुम्ही बोला. मला यातलं काय समजत नाय. ही बोलते ते सही आहे?”

पलीकडे माउसचे आवाज थांबलेले. रुचिता तिच्याकडे बघत होती, आणि त्या बघण्यात विश्वास होता, हे सगळ्यात वाईट. पोरीची खात्री होती की रेषा इतक्या ओळखणारी बाई खरं तेच सांगेल.

“नाही,” दुर्गा म्हणाली. “शाई उडालीय. एवढ्या वर्षांत असलं काही मी बघितलं नाही. पुस्तकात असेल.”

निकेतभाईने सुटकेचा श्वास सोडला. त्यांनाही हेच हवं होतं. महिनाअखेर रुचिताला निरोप मिळाला, गोड शब्दांत, तुझ्यासारख्या हुशार मुलीला इथे काय भविष्य, वगैरे. तिने टेबल आवरलं आणि जाताना दुर्गाच्या खुर्चीशी थांबली.

“ताई, मी खरंच चुकले असते तर तुम्ही माझ्यावर भडकला असता. साध्या सरकलेल्या रेषेवरून भडकता.” ती हळू बोलली, दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. “तुम्ही भडकला नाहीत.”

दुर्गाने पुढची फाइल उघडली.

पुढचे महिने तिने कसे काढले ते तिचं तिलाच माहीत. आधी ती पूल पास करायची तेव्हा तिला ठाऊक नव्हतं, आता ठाऊक होतं. आणि आता ती थांबूही शकत नव्हती, कारण नवीन विहिरी बरोबर काढल्या तर जुन्यांशी जुळणार नव्हत्या आणि कुणीतरी विचारलं असतं. एक नासलेली फाइल झाकायची तर पुढची नासवायलाच हवी होती. ती बायांवर पूर्वीपेक्षा जास्त खेकसू लागली. पूल वाकडा पडला म्हणून एकीला तिने रडवलं. क्लायंटने मधे कामात सातत्य असल्याबद्दल शाबासकीची मेल पाठवली. निकेतभाईने ती छापून भिंतीवर लावली आणि दुर्गाला हेड केलं. पगार वाढला. तिने घरी सांगितलं तेव्हा ईश्वर म्हणाला, “बघ, मी म्हणत होतो.” त्या रात्री ती जेवली नाही.

मेल भिंतीवर पिवळी पडायच्या आतच क्लायंटने व्हिडिओ कॉल मागितला. निकेतभाईने नवा शर्ट घातला, सगळ्या बायांना मागे उभं केलं, दुर्गाला शेजारी बसवलं. त्यांना वाटलं, दुसरं फील्ड देतायत. स्क्रीनवर तिकडच्या ऑफिसातला एक तरुण इंजिनिअर आला, आपल्याकडचाच, हिंदी-इंग्लिशमध्ये बोलणारा, आवाजाने दमलेला.

तो म्हणाला की त्यांच्या सगळ्यांची या फील्डच्या मधल्या भागावर मोठी आशा होती. दगड उत्तम आहे, छिद्रं मोठी आहेत, जुन्या लोकांनी तो थर कधी उघडलाच नव्हता. राहिलेलं तेल असलं तर तिथेच असणार, असं त्याने स्वतः वरच्यांना लिहून दिलं होतं. पण तुमच्याकडून आलेल्या आकड्यांवरून मॉडेल केलं तर तिथे सगळीकडे पाणी दिसतंय. एकूण एक विहिरीत. आता कंपनी पुढे पैसा घालणार नाही. फील्ड बंद होणार, विहिरींत सिमेंट भरून तोंडं कायमची बुजवणार. त्यामुळे हे काम इथेच संपतं, सॉरी.

निकेतभाईच्या तोंडचं पाणी पळालं. इंजिनिअर थोडा घुटमळला. मग त्याने विचारलं, जवळजवळ विनवणीच्या सुरात, “बस एक बात. वो बीच के वेल्स... डेटा में आपको कभी कोई डाउट आया? कुछ भी? अभी बोल सकते हैं. सिमेंट के बाद कुछ नहीं होगा.”

दुर्गाला बोलायचं होतं. हे तिच्या बाजूने सांगितलंच पाहिजे, की त्या क्षणी तिला बोलायचं होतं. तिने तोंड उघडलंही. पण तिच्या आधी निकेतभाई बोलले. “नहीं सर, क्या बात करते हो. हमारी दुर्गाताई ने एक-एक फाइल खुद चेक की है. इनकी आज तक एक गलती नहीं निकली.” मागे बाया उभ्या होत्या. त्यांच्यातली एक कौतुकाने हसली. इंजिनिअर दुर्गाकडे बघत राहिला, वाट बघत, आणि दुर्गाने तोंड मिटलं. त्याने थँक्यू म्हटलं आणि स्क्रीन काळी झाली.

त्याच संध्याकाळी निकेतभाईने सांगून टाकलं. पुढच्या महिन्यापासून ऑफिस बंद. खालचा पॉलिशवाला वरचाही मजला घेतोय. बायांना एकेक करून हिशेब मिळेल. एकीने पर्समधून रुमाल काढला. दुर्गा उठून निघाली तेव्हा निकेतभाईने तिला थांबवलं.

“तुम्ही टेन्शन घेऊ नका, ताई. मीरा रोडला माझ्या साडूचं ऑफिस आहे, दवाखान्याच्या रिपोर्टची एन्ट्री करतात. त्याला चेकिंगला माणूस पाहिजे. मी तुमचं नाव दिलं. त्याला बोललो, ही बाई कधी चुकत नाय.”

“बरं,” दुर्गा म्हणाली.

खाली जिन्यात हंसा तिच्यासाठी थांबली होती. गाळ्यातली मशिनं बंद झालेली, कामगार हात धूत होते. हंसाचे डोळे सुजलेले होते, तरी दुर्गाला नोकरी लागल्याचं तिने ऐकलं होतं आणि तिला खरोखर बरं वाटलं होतं. हंसा तशीच होती. तिने दुर्गाचा हात हातात घेतला.

“एकीचं तर चांगलं झालं. मी बघेन काहीतरी. पापड लाटेन, काय नाय तर. आमां आपणो शुं वांक, बोल? यात आपला काय दोष? जमिनीत तेल नसेल तर आपण काय करणार?”

दुर्गाला वाटलं, हिने आपल्याला बोलावं. चारचौघांत, तोंडावर, वाट्टेल ते बोलावं, थोबाडीत मारावी. पण हे बोलण्यासारखं ज्याला माहीत होतं असं ऑफिसात एकच माणूस होतं, आणि त्याला तिने स्वतःच्या हाताने घालवलं होतं. आता ती जन्मभर जिथे जाईल तिथे न चुकणारी बाईच राहणार होती.

हंसाने नाक पुसलं आणि सहज विचारलं, “खरंच गं, मधे नुसतं पाणीच होतं?”

“हो,” दुर्गा म्हणाली. “पाणीच होतं.”